बाळंतिणीच्या हिशेबात दुधाचा खर्च धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महिला पुरवणीत बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरवण्याविषयी अधूनमधून मजकूर येतो. त्याच पानावर खाली ‘महिन्यात आठ किलो’ अशा थाटाच्या जाहिरातीही असतात. मी दोन्ही वाचते, कारण मलाही वजन उतरवायचं आहे. माझी मुलगी सात महिन्यांची आहे आणि अजून अंगावर पिते. या मजकुरात एक साधा प्रश्न मला क्वचितच दिसतो, तो म्हणजे बाई बाळाला पाजते आहे का? हे न विचारता तिच्या हातात कॅलरींचा आकडा देणं धोक्याचं आहे. आणि हे विचारून नीट आकडा दिला, तर पाजणारी आईसुद्धा निर्धास्तपणे वजन उतरवू शकते. पत्र थोडं लांबेल, पण आकड्यांशिवाय हा विषय मांडता येत नाही.

मी तासगाव रस्त्यावर बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब बघते. कुणाचे किती बॉक्स आत आले, किती सौद्याला गेले, भाडं किती झालं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे फोनवरच्या ॲपमध्ये खाल्लेलं नोंदवणं मला जड गेलं नाही. जड गेला तो त्यानं दिलेला आकडा. वय, उंची, वजन आणि किती उतरवायचं एवढं विचारून त्यानं दिवसाला १२०० कॅलरी ठरवून दिल्या. मी बाळाला पाजते हे सांगायला त्यात जागाच नव्हती. ज्या वहीत एक मोठा खर्च लिहायचा राहून गेला आहे, त्या वहीतली शिल्लक खरी कशी मानायची?

म्हणून मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये भारतीयांसाठी ठरवलेली प्रमाणं बघितली. ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. ती बाळाला पाजत असेल तर पहिले सहा महिने त्यात ६०० मिळवायच्या आणि पुढचे सहा महिने ५२०. म्हणजे नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची गरज झाली २२६०. तिला १२०० वर बसवलं तर रोज हजाराहून जास्त तूट पडते.

हे सहाशे कुठून येतात तेही सांगते, कारण अनेकींना ते कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या सहा महिन्यांत नुसत्या आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, म्हणजे दुधातच पाचशे गेल्या. शिवाय दूध तयार करायलाही शरीराला ऊर्जा लागते. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या तज्ज्ञांनी २००४ च्या अहवालात हा सगळा खर्च दिवसाला ६७५ कॅलरी धरला आहे.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं. नीट पोसलेल्या आईच्या बाबतीत या ६७५ पैकी सुमारे १७० कॅलरी गरोदरपणी अंगावर साठलेल्या चरबीतून येतात असं त्यात धरलेलं आहे. गरोदरपणी जे दहा-बारा किलो वाढतात, त्यातली तीन-चार किलो चरबी असते आणि ती याच कामासाठी असते. म्हणजे पोटभर जेवून, बाळाला पाजूनही महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वजन आपोआप उतरू शकतं. सहा महिन्यांत चार-पाच किलो झाले. सगळ्यांचं तसं होत नाही. माझं पूर्ण उतरलं नाही, आणि सहा महिन्यांची रजा संपवून खुर्चीवर परत आल्यावर तर ते जागचं हललं नाही. पण अंगावरची चरबी हा आपल्या आळसाचा पुरावा आहे, असं जे बायकांना ऐकवलं जातं ते खोटं आहे. लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक ओळखीची बाई बाळाला हातात घ्यायच्या आधी आईच्या कमरेकडे बघते. दोन महिन्यांच्या बाळंतिणीला ‘अजून उतरलं नाही व्हय?’ असं विचारणं आपण सगळ्यांनी बंद केलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. कॅलरी मोजणं म्हणजे दुधावर टाच आणणं, असंही नाही. २००० साली अमेरिकेत ४० मातांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या आणि बाळाला नुसतं अंगावर पाजणाऱ्या या आया होत्या. बाळ चार आठवड्यांचं झाल्यावर त्यातल्या निम्म्याजणींना रोज पाचशे कॅलरी कमी आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम असा कार्यक्रम दिला. दहा आठवड्यांत त्यांचं आठवड्याला अर्धा किलो या बेतानं वजन उतरलं, आणि त्यांची बाळं दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच वाढली. म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंतची उतार बाळाला बाधत नाही. महिन्याला दोन किलो. ‘महिन्यात आठ’ ही त्याच्या चौपट आहे, आणि ते उरलेलं कुठून तरी काढलं जातं.

ते कुठून काढलं जातं हे मी मिरजेतल्या माझ्या चुलत नणंदेच्या घरी बघितलं. तिची परवानगी घेऊन लिहिते. बाळ अडीच महिन्यांचं असताना ती फोनवरच्या एका वजन उतरवण्याच्या ग्रुपात गेली. सकाळी पावडर ढवळून प्यायची, दुपारी एक भाकरी, रात्री सूप. हजाराच्या वर नोंद गेली की ग्रुप चालवणारी बाई सगळ्यांसमोर बोलायची. वजन भराभर उतरलं, कौतुक झालं. बाळ मात्र सतत किरकिरं. दिवसाला सहा-सात लंगोट ओले व्हायचे ते तीन-चारवर आले. लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कार्डावरची रेघ दाखवली. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढायला हवं, आणि इथे रेघ आडवी झाली होती. ग्रुपवाल्या बाईंचा सल्ला होता की बाळाला डब्याचं दूध सुरू करा, आता मध्येच सोडू नका.

उपाशी राहिल्यामुळेच दूध आटलं, असं डॉक्टर एका वाक्यात म्हणाले नाहीत. अशक्तपणामुळे ती रात्रीचं पाजणं चुकवायला लागली होती, नवरा वरची बाटली द्यायचा, आणि बाळ जितकं कमी ओढतं तितकं दूध कमी बनतं. रात्रीच्या पाजण्यानं तर दुधाला जास्त जोर मिळतो. त्यांनी तिला पावडर बंद करून चार वेळा जेवायला सांगितलं, दोन्ही बाजूंनी, मागेल तेव्हा, रात्रीसुद्धा पाजायला सांगितलं. बाळाचं वजन पुन्हा चढायला लागलं. ती अजून त्या दिवसांविषयी बोलताना रडते. तिला कुणी तरी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं की पहिले सहा ते आठ आठवडे, दूध नीट बसेपर्यंत, वजनाच्या मागे लागायचंच नाही, आणि त्यानंतरही साधारणपणे दीड हजाराच्या खाली जायचं नाही.

आणखी एक गोष्ट नुसत्या कॅलरींच्या आकड्यात दिसत नाही. आई थोडी कमी जेवली तरी दूध बहुधा तेवढंच येत राहतं, कारण शरीर आईचं काढून बाळाला देतं. दुधातलं कॅल्शियम आईच्या हाडांतूनही येतं, आणि पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून निघतं. पण सगळंच असं भरून घेता येत नाही. बी-१२, आयोडीन, अ जीवनसत्त्व हे आईच्या अंगात कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. आमच्यासारख्या पुष्कळ घरांत मांस-मच्छी नसते, मग दूध-दही आणि खात असाल तर अंडी एवढाच बी-१२ चा आधार. वजन उतरवायचं म्हणून बाई आधी सोडते ते नेमकं दूध आणि दही. आई कट्टर शाकाहारी असेल आणि तेही सोडत असेल तर तिनं डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, कारण बी-१२ कमी पडल्यानं बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. लोहाकडेही लक्ष हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या असतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि किती घरांत त्या डब्यात तशाच पडून राहतात हे बायकांनी आपलं आपण आठवून बघावं.

प्रथिनांचं प्रमाणही वाढतं. पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या ४६ ग्रॅमवर आणखी १७ ग्रॅम. कवठेमहांकाळकडे माझं माहेर आहे. तिथे हुलग्याचं माडगं घराघरात होतं, आणि हुलग्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. सुपाचं पाकीट विकत आणून पिणाऱ्या बाईला मी माडगंच सुचवीन. पोटही भरतं.

लाडवांवरून घराघरात जो वाद होतो त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण तिथेच आया आणि लेकी एकमेकींवर रुसतात. माझ्या आईनं डिंकाचे लाडू पाठवले तेव्हा मी तिच्याकडून प्रमाण मागून घेतलं. खारकेची पूड पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तूप पाव किलो, गूळ पाव किलो, डिंक शंभर ग्रॅम, खसखस पन्नास ग्रॅम. सगळ्याची बेरीज साडेपाच ते सहा हजार कॅलरींच्या घरात जाते. चाळीस ग्रॅमचा एक लाडू धरला तर त्यात दोनशे. म्हणजे दिवसाचे तीन लाडू आणि पाजणाऱ्या आईची वाढीव गरज बरोबर भागली! आमच्या आज्यांनी कॅलरी हा शब्द ऐकला नव्हता, तरी त्यांचा अंदाज किती पक्का होता हे बघून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मात्र त्या तीन लाडवांवर तुपात भिजलेला शिरा, दोन वेळचं तुपाचं खाणं आणि पलंगावरून उतरू नको असा हुकूम आला की बेरीज तीन हजारांच्या वर जाते. पूर्वीची बाई सव्वा महिना झाला की पाण्याला, शेताला जायची. शेतात राबणाऱ्या, जड काम करणाऱ्या बाईची गरज पाजणं सोडूनच २७२० धरलेली आहे. माझ्यासारखी बसून हिशेब लिहिणारी बाई तेवढं जिरवू शकत नाही. म्हणून मी आईला लाडू बंद कर म्हटलं नाही, दिवसाला एक खाते असं सांगितलं, आणि डिंकाऐवजी अळिवाचा मागितला, कारण अळिवात लोह चांगलं असतं. आईला ते पटलं. हिशेब समोर ठेवला की आया ऐकतात, असा माझा अनुभव आहे. ‘जाडी करायला बघतेस’ असं म्हटलं की दुखावतात.

मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. ॲपमधली भाकरी आणि सांगलीतली भाकरी यांचा मेळ बसत नाही. आमच्याकडे एका शाळूच्या भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ जातं, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी होतात, आणि माझ्या ॲपमधली भाकरी त्याच्या निम्मीच आहे. म्हणून मी शिजलेलं मोजत नाही. पीठ, डाळ, तांदूळ कच्चे असतानाच काट्यावर ठेवते. तेल डोळ्यांनी कळत नाही. मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, आणि भाजीच्या फोडणीत असे किती चमचे पडले हे ताटात बघून कुणालाच सांगता येणार नाही. घरात महिन्याला किती तेल संपलं ते माणसांत आणि दिवसांत वाटून घेतलं तर खरा आकडा हाती लागतो. शेंगदाण्याची चटणीही अशीच. मूठभर दाण्यात दीडशेच्या वर जातात. ती मी सोडलेली नाही, पण चमच्यानं घेते.

उपवासाचं मला विशेष सांगायचं आहे. संकष्टीला साबुदाण्याची एक मोठी प्लेट म्हणजे चारशे-पाचशे कॅलरी, आणि त्यात दाण्यांची सोडून प्रथिनं जवळजवळ नाहीत. दिवसभर काही नाही आणि रात्री चंद्रोदयानंतर एकदम जेवण, यात पाजणाऱ्या बाईचे हाल होतात. माझ्या सासूबाईंनी बाळ झाल्यावर स्वतःच सांगितलं, ‘बाळ पितंय तवर तुझी संकष्टी माझ्याकडं.’ त्या गणपती मंदिरात दोघींच्या वतीनं हात जोडतात. असं सांगणारी सासू प्रत्येकीला मिळावी.

माझा आजचा आकडा १८५० आहे. पाजण्यासाठी ५२० धरून माझी गरज २२५० च्या आसपास येते, त्यातून चारशे कमी. सकाळी आमराईत चालते. घामाजलेल्या अंगाचं दूध बाळाला बाधतं अशी भीती अजून घातली जाते, पण बेताच्या व्यायामानं दूध बिघडत नाही. दर महिन्याला मी आधी मुलीचं वजन करते आणि मग माझं. तिची रेघ वर जात असेल तरच माझा आकडा तसाच ठेवते. ती आता नाचणीचं सत्त्व आणि वरणभात खायला लागली आहे. तिचं वरचं खाणं वाढेल आणि पाजणं कमी होईल तशी माझी गरजही घटेल, तेव्हा आकडा पुन्हा मांडायला हवा. ऑफिसात काढून ठेवलेलं दूधही दुधाच्याच खर्चात येतं. त्यासाठी मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्याची सुट्टी कायद्यानं मिळते, हे नोकरी करणाऱ्या पुष्कळ जणींना माहीत नसतं म्हणून इथे लिहिते.

अंगणवाडीतून पाजणाऱ्या आईला सहा महिने जो आहार मिळतो, तो २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं अशा हिशेबानं ठरवला होता. म्हणजे सरकारनंही दुधाचा खर्च धरलेला आहे. ती पाकिटं घरी आल्यावर सगळ्या कुटुंबाच्या पातेल्यात जातात, हे अंगणवाडीताईंना चांगलं ठाऊक असतं. हे पाकीट तुझं, तुझ्या दुधासाठी, असं त्यांनी सासूसमोर सांगितलं तर त्याचा उपयोग होईल. डॉक्टरांनाही विनंती आहे. दीड महिन्यानं तपासणीला येणाऱ्या बाईला एकदा काट्यावर उभं करा आणि तिच्या कार्डावर लिहून द्या, रोज किती खायचं आणि महिन्याला किती उतरलं तरी चालेल. माझ्या कार्डावर माझं शेवटचं वजन बाळंतपणाच्या आधीचं आहे. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी बाळाच्या.

आणि आपल्याला विनंती अशी, की वजन उतरवण्याचा तक्ता छापाल तेव्हा त्याच्या वर एक चौकट द्या. बाळाला पाजत असाल तर पहिल्या सहा महिन्यांत ६०० आणि पुढे ५२० कॅलरी मिळवा, बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत थांबा, दीड हजाराच्या खाली जाऊ नका, आणि बाळाच्या वजनाची रेघ आडवी झाली तर आहार सोडून थेट डॉक्टरांकडे जा. जाहिरात घेतानाही, हे पाजणाऱ्या मातांसाठी नाही, अशी ओळ टाकायला सांगा. चौकटीचा मजकूर मी लिहून पाठवायला तयार आहे. छापण्याआधी तो आहारतज्ज्ञांकडून तपासून मात्र घ्या.

आपली,
एक वाचक
गावभाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)